शिंप्याच्या घरचा हिशेब



या महिन्याच्या निरूपणाला अभंग घेतलेला नाही, चरित्रातली कथा घेतली आहे. कथा परिसाची. आपण सर्वांनी ती कीर्तनात अनेकदा ऐकली आहे, तरी पुन्हा ऐकण्यासारखी आहे.

परिसा भागवताच्या घरी परीस होता. लोखंडाला लावला की सोने. त्याची पत्नी कमळजा आणि नामदेवरायांची राजाई या मैत्रिणी. राजाईच्या घरी दारिद्र्य. चूल कधी पेटे, कधी न पेटे. मैत्रिणीची दशा पाहून कमळजेने परीस थोड्या वेळापुरता तिच्या हाती दिला. राजाईने सोने केले, बाजारातून धान्य आणले, स्वयंपाक रांधला. नामदेवराय घरी आले, त्यांनी विचारपूस केली, आणि तो परीस उचलून चंद्रभागेत टाकला. पुढे भागवत रागावून आला, तेव्हा नामदेवरायांनी पाण्यातून ओंजळभर खडे काढून त्याच्यापुढे धरले आणि म्हणाले, यातला तुझा ओळखून घे. पाहतो तो काय, खडा न् खडा परीस! भागवताचा अभिमान तिथेच गळाला.

कीर्तनात येथे टाळ वाजतात, गजर होतो आणि कथा संपते. पण घरी जाताना एखादी माऊली हळूच विचारते, "महाराज, सगळे खरे, पण राजाईच्या पिठाचे काय?" या प्रश्नाला हसून उडवून देणारा प्रवचनकार मला मान्य नाही. राजाईने दागिने घडवले नव्हते, माडी बांधली नव्हती. तिने धान्य आणले होते. दारिद्र्य हेच मोठे पुण्य, असा अर्थ या कथेतून कोणी काढत असेल तर त्याला नामदेवही कळले नाहीत आणि राजाईही कळली नाही.

आज परीस घरोघर आला आहे. त्याचे नाव यंत्र. शेतात यंत्र, रेशनच्या दुकानात यंत्र, खिशात यंत्र. कोणी म्हणतो, हे कलियुगाचे लक्षण, चंद्रभागेत टाका. कोणी म्हणतो, हाच देव, याला शरण जा. माझे मत विचाराल तर दोघांचेही चुकते. हे मत मी नरसीच्या लेकराकडून शिकलो आहे.

परंपरेप्रमाणे नामदेवरायांचा जन्म शके ११९२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२७० साली, कयाधूच्या काठी नरसीस झाला. पिता दामाशेटी, माता गोणाई, जात शिंप्याची. गज, कातरी, सुई, दोरा ही त्या घरची आयुधे, आणि नामदेवरायांनी ती आपल्या वाणीतही आणली. आता शिंप्याच्या घरची रीत काय? कापड कितीही उंची असो, आधी मापायचे आणि मग कापायचे. कापड पाहून भुलायचे नाही, की कापडाला शिव्याही द्यायच्या नाहीत. यंत्रालाही हाच गज लावावा. मापे तीन आहेत: श्रम, ऋण आणि पंगत.

पण आधी एक गैरसमज दूर करू. आपला संप्रदाय यंत्राचा शत्रू कधीच नव्हता. तुकोबारायांची गाथा पूर्वी वह्यांतून उतरवून घ्यावी लागे. १८६९ साली मुंबई सरकारने दिलेल्या चोवीस हजार रुपयांच्या साह्याने शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी ती संपादून इंदुप्रकाश छापखान्यातून काढली. नामदेवरायांची गाथा महाराष्ट्र शासनाने १९७० साली प्रसिद्ध केली. ज्या घरात वही येण्याची शक्यता नव्हती तिथे छापील पोथी आली; हे छापण्याच्या यंत्राचेच उपकार. १९०६ साली बार्शी लाइट रेल्वे पंढरपुरापर्यंत आली, तेव्हा पायी चालणे न झेपणारे म्हातारे-कोतारेही विठुरायाच्या दारी पोहोचले. पायी वारी तरीही थांबली नाही. गाडी आली म्हणून पाय गेले नाहीत, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आता पहिले माप: वाचलेले श्रम कोणाच्या घरी गेले?

शिवणयंत्राचीच गोष्ट घ्या, कारण आपला विषय शिंप्याच्या घरचा आहे. फ्रान्स देशात थिमोनिए नावाचा एक शिंपी होता. त्याने १८३० साली शिवण्याच्या यंत्राचा हक्क सरकारदरबारी नोंदवला आणि पॅरिसमध्ये फौजेचे कपडे शिवायला सुमारे ऐंशी यंत्रे बसवली. १८३१ साली तिथल्या शिंप्यांनीच जमावाने येऊन ती फोडून टाकली. का बरे? त्यांना यंत्राचा राग नव्हता, पोटाची भीती होती. पुढे १८४६ साली एलियस हाऊ आणि १८५१ साली आयझॅक सिंगर यांची यंत्रे अमेरिकेत आली. १८६० च्या सुमारास तिकडे हिशेब मांडला गेला की हाताने एक सदरा शिवायला चौदा तासांच्या वर लागतात, आणि यंत्रावर सव्वा तास. म्हणजे एका सदऱ्यामागे बारा-तेरा तास वाचले! पण ते तास शिवणाऱ्या बाईला विसाव्यासाठी मिळाले का? नाही. नगावरची मजुरी उतरली, आणि तेवढ्याच पैशांसाठी तिला पूर्वीच्या कितीतरी पट सदरे शिवावे लागले. तास वाचले ते कपड्याच्या व्यापाऱ्याच्या घरी गेले.

महात्मा गांधी यंत्राचे विरोधक, असे आपण ऐकतो. पण १९२४ साली एका संवादात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला स्वतःहून अपवाद केला होता. त्यांचे म्हणणे असे की आपला आक्षेप यंत्रावर नाही, यंत्राच्या वेडावर आहे. श्रम वाचावेत, पण ते मूठभरांचे न वाचता सर्वांचे वाचावेत. शिंप्याच्या घरचा गज याहून वेगळे काय सांगतो?

आता आपल्याकडे या. हिंगोली जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पूर्वी हळद काढली की कढईत शिजवायची, वाळवायची, घासून चकचकीत करायची. बायामाणसांच्या पाठी मोडून जात. आता शिजवायला वाफेचे यंत्र आले, घासायला फिरते पिंप आले. चांगले झाले. पाठ मोडण्यात पुण्य नाही. पण विचारावे, यंत्र कोणाचे? एकाच सावकाराचे असेल तर भाड्यात तो सांगेल तो दर. दहा शेतकऱ्यांनी किंवा बचत गटाच्या बायांनी मिळून घेतले असेल, तर वाचलेला पैसा गावातच राहील. यंत्र तेच, वाफ तीच. फक्त मालकी बदलली की फळ बदलते.

हे महाराष्ट्राने एकदा करून दाखवले आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या हंगामात त्याची चाके फिरली. ऊस पिकवणारा यंत्राचा धनी झाला. ही लहान गोष्ट नव्हे. पण सज्जनहो, हिशेब अर्धा ठेवू नये. ऊस पिकवणारा धनी झाला. ऊस तोडणारा मात्र धनी झाला नाही. आपल्या मराठवाड्यातून दिवाळी झाली की नवरा-बायकोचा 'कोयता' गाडीत बसतो नि लेकरे पाचटाच्या कोपीत वाढतात. आता ऊस तोडण्याचेही यंत्र आले आहे. पाठीवरची मोळी उतरली तर आनंदच आहे. पण मोळीबरोबर भाकरीही उतरणार असेल, तर त्या माणसाने कोणत्या दारी जावे हे यंत्र घेणाऱ्यांनी आधी सांगितले पाहिजे. ते न सांगता 'प्रगती, प्रगती' असा गजर करणे म्हणजे टाळाशिवाय भजन.

दुसरे माप: यंत्राबरोबर घरात ऋण किती आले?

सिंगरच्या यंत्राची आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. यंत्र महाग, सामान्य कुटुंबाला एकरकमी घेणे अशक्य. तेव्हा १८५६ साली सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने युक्ती काढली: थोडे पैसे आता द्या, यंत्र घरी न्या, उरलेले दरमहा द्या. आज ज्याला आपण हप्ता म्हणतो त्याचा जगभर प्रसार होण्यात या शिवणयंत्राचा मोठा हात आहे. हप्ता वाईट आहे असे मी म्हणत नाही. हप्त्यावर घेतलेल्या शिवणयंत्रावर एखाद्या विधवा बाईने लेकरे वाढवली, अशी घरे गावोगाव आहेत. ते यंत्र हप्ता फेडून वर दोन पैसे मिळवून देत होते. पण ज्या वस्तूने एक पैसाही मिळत नाही तीसुद्धा हप्त्यावर घरात आली, तर ती वस्तू तुम्ही विकत घेतलेली नसते. वस्तूने तुमचे पुढचे बारा महिने विकत घेतलेले असतात.

कर्जाच्या बाबतीत आपल्या संप्रदायाने शिकवण शब्दांनी दिली, तशी कृतीनेही दिली आहे. तुकोबारायांच्या घरी वडिलोपार्जित सावकारी होती. भाऊ कान्होबा याच्या वाटणीची खते त्यांनी त्याला देऊन टाकली, आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत बुडवली. नीट पाहा: दुसऱ्याची खते बुडवली नाहीत, आपली बुडवली. धनकोने आपण होऊन सोडले. जिथे धनको सोडत नाही तिथे काय होते, हेही याच महाराष्ट्राने पाहिले आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी कुणब्यांनी सावकारांच्या घरांतली कर्जखते काढून जाळली, आणि पुणे-अहमदनगर भागात तो वणवा पसरला. शेवटी सरकारला १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला.

आज खत कागदावर नसते, मोबाइलमध्ये असते. ते इंद्रायणीत बुडत नाही आणि जाळताही येत नाही. अंगठा टेकवला की दोन मिनिटांत कर्ज खात्यात. पूर्वी सावकाराच्या ओसरीवर जाताना माणसाचे पाय तरी अडखळत. आता तीही अडचण राहिली नाही. हप्ता चुकला की काही ठग मंडळी मोबाइलमधले नातेवाइकांचे क्रमांक काढून घरच्या अब्रूचा लिलाव मांडत. हे फार वाढले तेव्हा रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम घालून दिले: कर्जाचा पैसा सरळ ऋणकोच्या बँक खात्यात गेला पाहिजे, वर्षाचा एकूण दर आधी सांगितला पाहिजे, आणि मोबाइलमधली नावे-क्रमांकांची यादी उघडता कामा नये. नियम चांगले आहेत, पण नियम वाचणारा कोणीतरी घरात हवा. म्हणून तरुणांना माझी हात जोडून विनंती आहे. बापाच्या किंवा आजोबाच्या नावावर काही घेण्यापूर्वी तो वर्षाचा दर मोठ्याने वाचून दाखवा. मोठ्याने वाचताना जीभ अडली, तर ते कर्ज घेऊ नका.

आणि ज्याला ऋणाने घेरले आहे त्यालाही दोन शब्द. बाबा रे, देणे लपवू नको. मराठवाड्यात कितीतरी घरांचे कुंकू या लपवण्याने पुसले गेले. देणे हा आकडा आहे. आकड्याला तोड निघते. गेलेल्या जिवाला तोड नाही. दिंडीत तुझ्या शेजारी चालणाऱ्याला सांग. ज्याच्या पायाशी आपण रोज डोके ठेवतो त्याला आपली अडचण सांगण्यात कमीपणा कसला?

तिसरे माप: पंगतीतून कोण उठले?

मंगळवेढ्याला कुसू कोसळून चोखोबा त्याखाली गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी आणायला कोण गेले? नामदेवराय गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, अशी खूण धरून त्यांनी त्या वेचल्या आणि पंढरीत महाद्वारापाशी समाधी दिली. पुढे त्याच महाद्वारी स्वतःही पायरी झाले. पंगतीतून उठवलेल्या माणसाला हाताला धरून परत बसवणे, हे नामदेवरायांचे जन्मभराचे काम. तरीही चोखोबांच्या लेकरांना गाभाऱ्यापर्यंत जाता यावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावे लागले, हे आपण विसरू नये. पंगत एकदा मांडली म्हणजे कायमची मांडली, असे होत नाही. प्रत्येक काळात तिच्यातून कोणीतरी उठवला जातो.

आजच्या काळात कोण उठवला जातो? रेशनच्या दुकानात अंगठ्याचे यंत्र आले. उद्देश चांगला: एकाचे धान्य दुसऱ्याने उचलू नये. पण ज्या म्हातारीने चाळीस वर्षे निंदणी-खुरपणी केली, भांडी घासली, विटा वाहिल्या, तिच्या अंगठ्याच्या रेषाच झिजून गेल्या. यंत्र तिला ओळखत नाही. अहो, विचार करा: राबून राबून जी बोटे झिजली त्यांनाच यंत्र विचारते, तू कोण? केंद्राच्या अन्न खात्याने २०१७ सालीच राज्यांना कळवले होते की आधार नाही किंवा अंगठा जुळत नाही एवढ्यासाठी कोणालाही धान्य नाकारू नये, दुसरी सोय करावी. ही गोष्ट दुकानात रांगेत उभ्या असलेल्या किती जणांना ठाऊक आहे? ज्याला ठाऊक आहे त्याने तिथेच बोलावे. यालाही मी नामस्मरणच म्हणतो.

शेताचेही तसेच. २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने आपले पीक मोबाइलवर स्वतः नोंदवावे. ज्याच्या घरी शिकलेले पोर आहे त्याचे काम झाले. ज्याची पोरे पुण्या-मुंबईला गेली, त्या म्हाताऱ्याने बांधावर उभे राहून कोणाला हाक मारावी? २०१६ पासून मोबाइलने पैसे देण्याची सोय झाली, आणि आता वारीच्या वाटेवर चहावाल्यापाशी नि बुक्का विकणाऱ्यापाशीही चौकोनी ठिपक्यांचा कागद दिसतो. सुट्ट्या पैशांची कटकट गेली हे खरे. पण कनवटीला नोट बांधून आलेल्या आजीला "मोबाइल नाही तर राहू द्या" असे म्हणू नये. विठोबाच्या वाटेवर कनवटीची नोट खोटी ठरत नाही.

आता परिसाच्या कथेचा मला उमगलेला अर्थ सांगतो. शास्त्री मंडळींनी वेगळा लावला तरी माझी तक्रार नाही. नामदेवरायांनी परीस पाण्यात टाकला, कारण तो एकाच घरात कुलुपात होता आणि त्या कुलुपाबरोबर अभिमानही होता. मग त्यांनी ओंजळ भरून दाखवली ती कशाची? परिसाचीच! सोने खोटे, असे ते म्हणाले नाहीत. एकाच्या मुठीतले सर्वांच्या ओंजळीत यावे, आणि आले की त्याची हाव सुटावी, हे त्यांनी दाखवले. यंत्राचेही असेच व्हावे.

आपल्याच जिल्ह्यात याची मोठी कसोटी येऊ घातली आहे. औंढा नागनाथ म्हणजे नामदेवरायांना विसोबा खेचर भेटले ते स्थान. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांनी त्यांना देव कुठे नाही ते दाखव म्हणून विचारले, ते तिथेच. त्याच औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे दोन हजार सहाशे कोटी रुपयांची मंजुरी दिली. एकमेकींना काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून प्रकाश धावणार. अमेरिकेतल्या अशाच वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी सुमारे एकशे तीस कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिळाल्याचा कंप टिपला. अणूच्या गाभ्याहूनही सूक्ष्म हालचाल! यंत्र म्हणजे केवळ गोंगाट, असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. हे यंत्र ऐकण्यासाठीच आहे, आणि भोवताली शांती असल्याशिवाय त्याला ऐकू येत नाही. नामधारकाला हे वेगळे सांगायला नको.

पण माझा प्रश्न पंगतीचा. या वेधशाळेच्या दारात औंढ्याचे आणि नरसीचे पोर फक्त पहारेकरी म्हणून उभे राहणार, की आत बसून ते यंत्र चालवणार? उत्तर दिल्लीकडून येईल अशी वाट पाहू नका. ते आपल्या गावच्या शाळेत तयार होते. शाळेत गणित-विज्ञानाचा मास्तर आहे की नाही, हे विचारायला सरपंचाच्या दारी जाणे, हीदेखील वारीच समजा.

नामदेवराय नरसीतून पंढरीस गेले, तेथून पंजाबात घुमानपर्यंत गेले. त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत आणि आजही शीख भाविक कयाधूच्या काठी माथा टेकायला येतात. हाती गज-कातरी असलेल्या माणसाने एवढा मुलूख जोडला. आपल्या हाती त्याहून मोठी साधने आहेत. त्यांनी आपण काय जोडतो, एवढेच पाहायचे.

आषाढ वद्य एकादशीला परतवारीनिमित्त नरसीस येणाऱ्या दिंड्यांना माझी विनंती आहे. माळेबरोबर तीन नियम धरावेत. पहिला: गावात नवे यंत्र आले की ते सामाईक घेता येते का, हे आधी पाहावे. दुसरा: घरात हप्ता येण्यापूर्वी घरातल्या बाईला विचारावे, कारण राजाईला पिठाचा हिशेब ठाऊक असतो. तिसरा: प्रत्येक दिंडीने एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी नेमावी. त्याने एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पारण्यानंतर गावच्या पारावर बसावे, आणि ज्यांचा अंगठा जुळत नाही, ज्यांचे पीक नोंदले नाही, ज्यांना कर्जाचा कागद वाचता येत नाही, त्यांची कामे करून द्यावीत. दक्षिणा घेऊ नये. चहा मिळाला तर घ्यावा.

असो. मापून झाले, आता कापणे आणि शिवणे आपल्या हाती.

रामकृष्णहरि.